व्हॉल्व्हचा प्री-अँप घेण्याआधी

माळ्यावरचा जुना रेकॉर्ड प्लेअर खाली काढला की कोणीतरी हमखास सांगतं, ‘व्हॉल्व्हचा प्री-अँप लावा, आवाज गोड येतो.’ पैसे मोजण्याआधी आपण दोन गोष्टी समजून घेऊ.

पहिली गोष्ट सुईची. सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजचे मुख्य प्रकार दोन. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो. शिवाय रेकॉर्ड तयार करताना जाड आवाज मुद्दाम कमी आणि बारीक आवाज वाढवलेला असतो. फोनो प्री-अँप सिग्नल मोठा करतो आणि आवाजाचा तोलही पूर्ववत करतो. त्याच्याशिवाय गाणं क्षीण, चिरकं ऐकू येतं. सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजचा सिग्नल मात्र मुळातच कितीतरी पटींनी मोठा असतो. त्याला फोनो प्री-अँप जोडला तर आवाज फाटतो, पैसेही वाया जातात. म्हणून कार्ट्रिज कोणतं, हे आधी मेकॅनिकला विचारा.

दुसरी गोष्ट जिवाची. व्हॉल्व्हच्या यंत्रात बहुधा २०० ते ३०० व्होल्टचा दाब असतो. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. त्यामुळे पुसण्यासाठीसुद्धा झाकण उघडायचं नाही. व्हॉल्व्हची काच तापते, तेव्हा यंत्र लेकरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. तीन पिनांचा प्लग आणि घरात नीट अर्थिंग हवंच. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र तर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय वीजेला जोडूच नका.

गाणं गोड लागावंच, पण आधी घर सुरक्षित असावं.