सांडपाणी शेतीपर्यंत : शुद्धीकरणानंतर साठवणीचे गणित

शहराचे सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यावे हा विचार आता नवा राहिलेला नाही. मात्र त्याची चर्चा बहुधा शुद्धीकरण केंद्राच्या क्षमतेपाशीच थांबते. प्रत्यक्षात अशा योजनेचे यश मोठ्या प्रमाणात पुढच्या टप्प्यावर, म्हणजे शुद्ध झालेले पाणी कोठे आणि किती काळ साठवायचे यावर अवलंबून असते. शहरातून सांडपाणी बाराही महिने जवळपास सारखेच वाहत असते, तर पिकांची गरज पावसाळ्यात जवळजवळ संपते आणि उन्हाळ्यात शिगेला पोहोचते. हा विसंवाद सांधणारी साठवण नसेल, तर वर्षातील बरेचसे पाणी शुद्ध होऊनही नदीत किंवा समुद्रात सोडावे लागते.

कॅलिफोर्नियातील कॅस्ट्रोव्हिलची योजना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. माँटेरे उपसागराला लागून असलेल्या सलिनास खोऱ्यात भाजीपाल्यासाठी भूजलाचा इतका उपसा झाला की, समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून विहिरींकडे सरकू लागले. त्यावर उपाय म्हणून शुद्ध सांडपाण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते चालेल काय, हा प्रश्न उभा राहिला. म्हणून 1980 ते 1985 या काळात लेट्यूस, ब्रोकोली, फुलकोबी, आर्टिचोक अशी पिके विहिरीच्या आणि शुद्ध केलेल्या पाण्यावर शेजारी शेजारी घेऊन तपासण्यात आली. निष्कर्ष अनुकूल निघाल्यावर योजना उभारली गेली आणि 1998 मध्ये सुमारे 12,000 एकरांना पाणीपुरवठा सुरू झाला. या पाण्यावर तृतीय स्तराची प्रक्रिया होते; म्हणजे गाळ बसवणे आणि जीवाणूंकरवी सेंद्रिय घाण कुजवणे या पहिल्या दोन टप्प्यांनंतर ते बारीक गाळणीतून काढून निर्जंतुक केले जाते.

या योजनेतील साठवण तलाव मात्र सुमारे एक लाख घनमीटरचा, म्हणजे केंद्राच्या एका दिवसाच्या पूर्ण क्षमतेपेक्षाही थोडा लहान आहे. दिवसरात्रीच्या मागणीतील चढउतार तो सांभाळू शकतो, ऋतूंमधील तफावत नव्हे. त्यामुळे हिवाळ्यातील अतिरिक्त पाणी उपसागरात सोडावे लागे आणि उन्हाळ्यात तूट पडली की पूरक विहिरी चालवाव्या लागत. 2010 मध्ये सलिनास नदीवर रबरी बंधारा घालून नदीचे पाणीही या जाळ्याला जोडण्यात आले, ते हीच तूट कमी करण्यासाठी.

इस्राएलने वेगळा मार्ग निवडला. तेल अवीव परिसराचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या शफदान केंद्रातील पाणी वाळूच्या उथळ तळ्यांमध्ये सोडले जाते. ते वाळूतून झिरपत खालच्या जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भूस्तरात पोहोचते आणि भोवतालच्या विहिरींतून उपसून नळमार्गाने नेगेव्हच्या शेतीला पुरवले जाते. येथे गाळणी आणि साठवण ही दोन्ही कामे जमीनच करते, शिवाय बाष्पीभवनही जवळपास टळते. महाराष्ट्राचा मोठा भाग मात्र बेसाल्ट खडकाचा आहे आणि या कठीण खडकात पाणी मुख्यत: भेगांमध्ये व झिजलेल्या थरात मावत असल्याने हा मार्ग येथे सहज उचलता येणारा नाही. त्यामुळे उघड्या तलावांचा विचार अपरिहार्य ठरतो.

त्याचे गणित एका लाख वस्तीच्या शहरावरून मांडता येते. दरडोई 135 लिटर पुरवठा आणि त्यातील सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते असे धरले, तर दररोज 10,800 घनमीटर पाणी मिळते. उन्हाळी पिकाची गरज दिवसाला 6 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी 60 घनमीटर मानल्यास या प्रवाहावर 180 हेक्टर भिजतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांतील सुमारे 13 लाख घनमीटर पाणी साठवले, तर बाष्पीभवन आणि झिरप वजा जाऊनही हे क्षेत्र दीडपटीहून अधिक होऊ शकते. परंतु त्यासाठी चार मीटर खोलीचा सुमारे 80 एकरांचा तलाव लागतो. हीच साठवण शेतकऱ्यांच्या बांधावर विभागायची, तर 30 मीटर लांब-रुंद आणि 3 मीटर खोल अशा शेततळ्यात साधारण 2,000 घनमीटर पाणी मावते, म्हणून अशी सुमारे 650 अस्तरित शेततळी आवश्यक ठरतात.

साठवण केवळ आकाराची बाब नाही, कारण साठलेले पाणी बदलत असते. त्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शेवाळ वाढते आणि ते ठिबकच्या तोट्या बुजवते, म्हणून तलावानंतर पुन्हा गाळणी बसवावी लागते. बाष्पीभवनाने पाणी उडून जाते पण क्षार मागे राहतात. त्यात सोडियमचे प्रमाण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या तुलनेत जास्त असेल, तर काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण सुटे होऊन निचरा मंदावतो. त्यामुळे पाण्याची तपासणी केंद्राच्या दारात नव्हे, तर शेताच्या दारात होणे महत्त्वाचे आहे. तेथे मोजलेले नत्र हिशेबात धरून रासायनिक खताची मात्राही घटवावी लागते.

पुण्यात मुंढवा येथून पाणी उचलून बेबी कालव्यात सोडण्याची आणि त्याद्वारे वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी शेतीला देण्याची जी आखणी झाली, तिच्यामागे धरणांचे पाणी शहराने वापरावे आणि त्या बदल्यात शुद्ध केलेले पाणी शेतीला द्यावे, हे तत्त्व आहे. ही अदलाबदल न्याय्य ठरायची असेल, तर केवळ वार्षिक आकडा जुळणे पुरेसे नाही; पाणी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दर्जाचे मिळेल, तसेच साठवण, गाळणी आणि तपासणी यांचा खर्च कोणी उचलावा, हे करारातच ठरले पाहिजे. तसे न झाल्यास शहराचा ताळेबंद कागदावर जुळेल आणि तूट व क्षार शेतकऱ्याच्या वाट्याला येतील.