औषधांची पुस्तके दोन, कामेही दोन

गोळ्यांच्या पाकिटावर औषधाच्या नावापुढे अनेकदा 'आयपी' ही अक्षरे दिसतात. ती 'इंडियन फार्माकोपिया' या ग्रंथाची. त्याची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये निघाली. औषध किती शुद्ध असावे आणि त्याची तपासणी कशी करावी, हे तो ठरवतो. ते कोणाला, किती द्यावे, हे मात्र त्यात नसते.

त्यासाठी 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' आहे. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि परिचारिकांना औषधाची मात्रा, दुष्परिणाम व घ्यायची खबरदारी त्यात सापडते. मधुमेहावरचे नेहमीचे मेटफॉर्मिन मूत्रपिंडे फारच कमजोर असतील तर देता येत नाही. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. त्यावर तापाची वेगळी गोळी घेतली, तर नकळत मात्रा वाढून यकृताला इजा होऊ शकते. अशा वेळी नुसत्या आठवणीवर विसंबून चालत नाही.

पुस्तक ताजे असणेही तितकेच गरजेचे. ब्रिटनची छापील फॉर्म्युलरी वर्षातून दोनदा निघते. आपली पहिली १९६० मध्ये आली. पण तिसऱ्या (१९७९) आणि चौथ्या (२०११) आवृत्तीत तीन दशकांहून अधिक अंतर पडले. त्यानंतर सहावीही आली.

पुस्तक कितीही चांगले असले, तरी रुग्णाची माहिती रुग्णानेच द्यायची असते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना सुरू असलेली सर्व औषधे, अगदी काढे-चूर्णेसुद्धा, सोबत न्यावीत. गर्भारपण, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधीच सांगावे.