उंचावरच्या सरोवरांची छायाचित्रे आणि पदभ्रमणाचे वेळापत्रक

काश्मीरमधील सोनमर्गपासून नारानागपर्यंत जाणारी, विशनसर, किशनसर, गडसर, सतसर, नंदकोल आणि गंगाबल या सरोवरांना जोडणारी सुमारे ७० किलोमीटरची पायवाट महाराष्ट्रातील गिर्यारोहकांच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. पीर पंजालच्या रांगा मोसमी पावसाला बऱ्याच अंशी अडवतात, त्यामुळे उत्तराखंडातील बहुतेक वाटा पावसात भिजत असताना जुलै-ऑगस्टमध्ये येथे चालता येते, हे या लोकप्रियतेचे एक कारण आहे. मात्र या वाटेवरून परतलेल्यांची छायाचित्रे पाहिली, तर पाणी फिकट, आकाश पांढरे आणि डोंगर सपाट दिसल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. तिचा दोष सहसा कॅमेऱ्याला दिला जातो; प्रत्यक्षात तो पुष्कळदा वेळापत्रकाचा असतो, कारण सकाळी मुक्काम हलवून दुपारी पुढच्या तळावर पोहोचण्याच्या शिस्तीत कोणते सरोवर कोणत्या प्रकाशात भेटणार, हे चालणाऱ्याच्या सोयीने ठरते.

अशा सरोवरांची घडण प्रथम समजून घ्यावी लागते. हिमनदी उतारावरून सरकताना डोंगराच्या कुशीत खोल खळगे कोरते आणि खाली वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा बांध, म्हणजेच हिमोढ, रचून ठेवते. बर्फ मागे हटल्यावर या खळग्यांत पाणी साचते. खडक घासले जाऊन तयार झालेली अतिसूक्ष्म भुकटी वितळलेल्या पाण्याबरोबर सरोवरात उतरते आणि तळाशी न बसता दीर्घकाळ तरंगत राहते. पाणी प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते, तर हे कण निळा-हिरवा भाग चहूकडे विखुरतात, आणि त्यातून परिचित फिरोजी रंग निर्माण होतो. जेथे हिमनदीचे पाणी थेट येत नाही, केवळ हिवाळी बर्फ वितळून भर पडते, तेथे पाणी अधिक पारदर्शक आणि गडद दिसते.

हा रंग टिपायचा असेल, तर छायाचित्रणाच्या पुस्तकांनी निषिद्ध मानलेली वेळच उपयोगी पडते. सूर्य वर असताना किरण पाण्यात खोलवर शिरतात, आणि पाहणारा उंचावर असेल तर पृष्ठभागावरील परावर्तन कमी होऊन आतला रंग दिसतो. पाण्याकडे सरळ वरून पाहिल्यास त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी फक्त २ टक्क्यांच्या आसपास परावर्तित होतो. गडसर खिंडीच्या चढावरून विशनसर आणि किशनसर ही दोन्ही सरोवरे एकाच दृष्टिक्षेपात येतात, आणि पदयात्री तेथे नेमका दिवस वर आल्यावर पोहोचतो. येथे पोलरायझर, म्हणजे विशिष्ट दिशेने कंप पावणाराच प्रकाश आत सोडणारी काच, मोलाची ठरते. दृष्टिरेषा पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते, तेव्हा ही काच योग्य फिरवल्यास परावर्तन जवळजवळ नाहीसे होते. आकाशाच्या बाबतीत मात्र तिचा मोह आवरलेला बरा, कारण उंचीवर आकाश मुळातच गडद असते आणि रुंद कोनाच्या भिंगातून त्याचा एक पट्टा काळपट, तर बाकीचा भाग फिका उतरतो.

प्रतिबिंबाचे गणित याच्या नेमके उलट आहे. दृष्टी पाण्याला जितकी समांतर, तितके परावर्तन अधिक, म्हणून छायाचित्रकाराला काठावर, शक्यतो गुडघ्यांवर बसून, कॅमेरा पाण्यालगत न्यावा लागतो. त्याला वाऱ्याचीही साथ लागते. रात्री गार झालेली जड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढल्यावर तापलेली हवा उताराने वर जाऊ लागते, आणि या दोन प्रवाहांच्या संधिकाळात, साधारणपणे सूर्योदयाच्या आगेमागे, पाणी काही वेळ स्थिर राहण्याची शक्यता सर्वाधिक असते. पाण्यातील शिखर प्रत्यक्ष शिखरापेक्षा नेहमी थोडे काळोखे असते. संगणकावर संस्करण करताना ते अधिक उजळ केले, तर कारण उमगले नाही तरी पाहणाऱ्याला चित्रात काहीतरी खोटे जाणवते.

गंगाबल सरोवर ५,१४२ मीटर उंचीच्या हरमुख शिखराच्या ईशान्य पायथ्याशी असल्यामुळे पहाटेचे पहिले किरण शिखराच्या सरोवराकडील हिमाच्छादित अंगावर पडतात, आणि दुपारनंतर तेच अंग सावलीत जाते. बर्फ चित्रात बराच असेल, तर प्रकाशमापक त्याला मध्यम करडा समजून चित्र काळवंडवतो, म्हणून एक ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो, स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणारे माप.

सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६४ मध्ये काश्मीरमध्ये काम केले, तेव्हा काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावे लागे, त्यामुळे एका जागी थांबून राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. आजच्या पदयात्रीवर ही सक्ती नाही, आणि त्याचा तोटा चित्रांत दिसतो.

वन्यजीवांच्या बाबतीत थांबण्याचे महत्त्व आणखी वाढते. या कुरणांत लांब शेपटीचा मार्मोट, म्हणजे बिळात राहणारा, खारीच्या कुळातील मोठा कृंतक प्राणी, सर्रास आढळतो. वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ तो शीतनिद्रेत असतो आणि त्यासाठी लागणारी चरबी उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत साठवतो. साहजिकच त्याला वारंवार बिळात पळवणे म्हणजे त्याच्या चरण्याच्या वेळेतून वजावट करणे होय. मागील पायांवर ताठ उभा असलेला मार्मोट छायाचित्रकारांना फार आवडतो. परंतु ती बहुधा सावधगिरीची मुद्रा असते, आणि जोडीला तीक्ष्ण शिटी ऐकू आली तर छायाचित्रकार जास्त जवळ आला, असाच अर्थ घ्यावा. ३०० ते ४०० मिलिमीटरचे भिंग घेऊन, दूर अंतरावर खाली बसून, प्राणी पुन्हा चरू लागेपर्यंत वाट पाहिल्यास पिल्लांचे खेळणे, गवत ओढणे असे नैसर्गिक वर्तन दिसते, आणि चित्रही प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून मिळते. बिस्किटांचे आमिष दाखवून मिळवलेले चित्र जवळचे असले, तरी त्यात प्राण्याचे जीवन नसते.

उन्हाळ्यात जम्मूकडील सखल भागांतून मेंढ्या-बकऱ्या घेऊन येणारे बकरवाल याच कुरणांत राहतात. त्यांच्या निवाऱ्यातून निघणारा धूर, धुक्यातून सरकणारा कळप, ओझ्याचे घोडे पाण्यावर आणणारा माणूस ही दृश्ये सरोवरांइतकीच चित्रयोग्य असतात. धुक्याचा मऊ, सावलीविरहित प्रकाश रानफुले आणि चेहरे यांना विशेष मानवतो. मात्र तो निवारा म्हणजे कुणाचे तरी घर आहे, तेव्हा आधी बोलणे, परवानगी घेणे आणि स्त्रियांच्या बाबतीत नकाराचा संकेत शब्दांवाचून ओळखणे, एवढी रीत पाळली गेली पाहिजे. ताबारेषेच्या सान्निध्यामुळे वाटेवर सैन्याच्या चौक्यांत ओळखपत्रे तपासली जातात. तेथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा, आणि ड्रोनचा विचार परवानगीशिवाय करू नये.

थंडीत लिथियम-आयन बॅटरीची क्षमता तात्पुरती घटते, म्हणून ती रात्री अंथरुणात, अंगाच्या उबेत ठेवतात. थंड कॅमेरा उबदार तंबूत आणताना हवाबंद पिशवीत गुंडाळल्यास भिंगावर दव धरत नाही. सामानाच्या यादीत वजन कमी करण्याची वेळ आली, तर दुसरे भिंग वगळून गंगाबलच्या काठावरील एका जादा दिवसाचा शिधा घेणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण पहिल्या पहाटे हरमुख ढगांत असण्याचा संभव या प्रदेशात कधीच नाकारता येत नाही.