जाड अक्षर कुठे शोभतं?

स्टॉलचा फलक करायला गेलं की फ्लेक्सवाला विचारतो, "ताई, अक्षर कुठलं घेऊ?" आज आपण त्याविषयीच बोलू.

'टेको' नावाचा एक मोफत मिळणारा फॉन्ट आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने तो मथळ्यांसाठी काढला. अक्षरं चौकोनी, अंगाने अरुंद. त्यातला ठळक प्रकार चांगला जाड आहे. अरुंद असल्यामुळे कमी जागेत मोठं अक्षर बसतं. म्हणून फलकावर गटाचं नाव, 'ज्वारीचे पापड' किंवा किंमत लिहायला तो उत्तम. रस्त्यावरूनही वाचता येतो.

पण तेच अक्षर बारीक करून पाकिटामागे छापलं की घोटाळा होतो. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' ही अक्षरं वेगळी कळतात ती डोक्यावरच्या रेघेतली फट आणि छोटी गाठ यांमुळे. जाड अक्षर लहान केलं की फट बुजते, अनुस्वार रेघेला चिकटतो. धण्यांचे 'घणे' होतात. 3 चा 8 वाटला तर तारीखच चुकते. शेंगदाणे न चालणाऱ्याला घटक वाचता आले नाहीत, तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून घटक, वजन, तारीख यांसाठी 'मुक्ता'सारखा साधा फॉन्ट मागा, तोही ठळक न करता.

आणि पाचशे लेबलं छापण्याआधी एकच काढा, खऱ्या मापाची. गटातल्या ज्या मावशींना कमी दिसतं, त्यांना वाचायला द्या. त्या अडखळल्या, तर अक्षर मोठं करा.