दोन प्रणालींचा संगणक आणि अपडेटचे पथ्य

१३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी नेहमीचे मासिक सुरक्षा अपडेट पाठवले. त्यानंतर जगभरातल्या अनेकांना सारखाच अनुभव आला. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांचे विंडोज व्यवस्थित सुरू होई. पण लिनक्स निवडले की काळ्या पडद्यावर ‘काहीतरी गंभीर चुकले आहे’ अशा अर्थाचा संदेश येई आणि संगणक बंद पडे. तो वाचून आपले सगळे काम गेले असे वाटणे साहजिकच होते. प्रत्यक्षात त्या अपडेटने लिनक्समधल्या फाइलींना हातही लावला नव्हता. फक्त आत जाण्याचे दार अडले होते.

एका संगणकावर दोन प्रणाली ठेवण्याला ‘ड्युअल बूट’ म्हणतात. हा केवळ संगणकवेड्यांचा छंद नाही. प्रबंधासाठी लिनक्सवर आकडेमोड करणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकांकडे फाइल पाठवताना विंडोजमधला वर्ड लागतो. आपल्याकडे जुन्या मराठी फाँटमधल्या फाइली उघडायच्या, तर त्यासाठीचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजवरच चालते. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि अनेक जुन्या संगणकांत ती नाही. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-अपडेट नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यामुळे चांगला चालणारा संगणक भंगारात काढण्याऐवजी विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकून पाहावे, असा विचार बरेच जण करतात.

मोठ्या अपडेटच्या वेळी अशा संगणकाला जपावे का लागते, हे समजण्यासाठी संगणक सुरू कसा होतो ते पाहू. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. आजच्या संगणकांत त्याला ‘यूईएफआय’ म्हणतात. कोणती प्रणाली आधी सुरू करायची याची यादी त्याच्याकडे असते. यादीत लिनक्सचा ‘ग्रब’ पहिला असेल, तर तो पडद्यावर मेन्यू दाखवतो आणि आपण लिनक्स किंवा विंडोज निवडतो. म्हणजे दोन बिऱ्हाडे वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, पण जिना सामायिक असतो. विंडोजचे मोठे अपडेट कधी कधी या यादीत स्वतःला वरच्या क्रमांकावर नेऊन ठेवते. मग मेन्यू दिसतच नाही आणि लिनक्स पुसले गेले असे वाटते. जुन्या पद्धतीच्या संगणकांत विंडोजने दुरुस्तीसाठी नवे पार्टिशन तयार केले की पार्टिशनांचे क्रमांक बदलतात आणि ग्रबला आपल्याच फाइली सापडत नाहीत.

याच्या उलटही घडते. ग्रबच्या २०२१ मध्ये आलेल्या २.०६ आवृत्तीपासून संगणकावरच्या इतर प्रणाली शोधण्याचे काम मुळातच बंद ठेवलेले असते. त्यामुळे लिनक्सची मोठी आवृत्ती बदलल्यावर मेन्यूतून विंडोज नाहीसे होऊ शकते. ग्रबच्या सेटिंगमध्ये हा शोध चालू करून मेन्यू पुन्हा तयार केला की ते परत दिसते.

ऑगस्ट २०२४ मधला प्रकार थोडा वेगळा होता. ‘सिक्युअर बूट’ ही यूईएफआयमधली पहारेकऱ्याची व्यवस्था आहे. ओळख पटल्याशिवाय ती कोणताही प्रोग्रॅम सुरू होऊ देत नाही. सुरक्षेत भोके सापडलेल्या जुन्या बूट प्रोग्रॅमांना मज्जाव करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने पहारेकऱ्याला नवा नियम दिला. दोन प्रणाली असलेल्या संगणकांवर तो लागू होणार नव्हता, पण अनेक ठिकाणी दुसरी प्रणाली आहे हे विंडोजला ओळखताच आले नाही. उपाय मात्र साधा होता: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जायचे, तो नियम काढायचा, लिनक्स अद्ययावत करायचे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे. सप्टेंबर २०२४ पासूनच्या अपडेटमधून मायक्रोसॉफ्टने तो नियम वगळला.

पण प्रत्येक वेळी नुसते दारच अडते असे नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीने काही जणांच्या फाइली खरोखरच पुसल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच तिचे वितरण थांबवले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आणली. तक्रारी एकूण वापरकर्त्यांच्या मानाने फार थोड्या होत्या. तरीही ज्याची एकुलती एक प्रत गेली, त्याला या प्रमाणाचा काय दिलासा?

मग अपडेट टाळावे का? नाही. त्याची किंमत काय असते हे ब्रिटनच्या आरोग्यसेवेने पाहिले आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक मोठी त्रुटी बुजवणारे अपडेट दिले होते. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस पसरला, तेव्हा ते न बसवलेले असंख्य संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधल्या २३६ आरोग्य ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टच्या कामावर परिणाम झाला. १९ हजारांहून अधिक भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज काढला गेला आणि पाच भागांतल्या रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी लांबच्या रुग्णालयात जावे लागले. औषधाचे दुष्परिणाम असतात म्हणून औषधच न घेण्याइतकेच अपडेट कायमचे टाळणे धोक्याचे आहे.

तेव्हा प्रश्न पूर्वतयारीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी आणली. तिच्यातले बरेच मुद्दे अगदी साधे आहेत: रुग्ण तोच ना, जागा तीच ना, ॲलर्जी आहे का. साध्या गोष्टीच घाईत राहून जातात, हे त्यामागचे शहाणपण. दोन प्रणालींच्या संगणकासाठीही अशी छोटी यादी पुरते.

पहिला मुद्दा बॅकअपचा. दोन्ही प्रणालींमधल्या महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याव्यात. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही जातात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक घराबाहेर, हा जुना नियम आजही योग्य आहे. प्रत घेतल्यावर त्यातल्या दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेला बॅकअप म्हणजे मुदत न पाहिलेले औषध.

दुसरा मुद्दा किल्लीचा. अनेक नव्या लॅपटॉपवर विंडोजची डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असते आणि मालकाला ते ठाऊकही नसते. सुरू होण्याच्या सेटिंगमध्ये बदल झाला की बिटलॉकर ४८ आकडी किल्ली मागू शकतो. सिक्युअर बूट बंद करणे हाही असाच बदल आहे. किल्ली हरवली तर त्या फाइली परत मिळत नाहीत. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. तिथून ती आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

तिसरा मुद्दा विंडोज पूर्ण बंद करण्याचा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा वेळी लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर काही लिहिले तर फाइली बिघडू शकतात. म्हणून ही सोय बंद ठेवावी आणि मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा चालू झाली नाही ना, हे पाहावे.

याशिवाय लिनक्स थेट सुरू करता येईल असा पेन ड्राइव्ह आधीच तयार ठेवावा. दोन्हीकडे पुरेशी मोकळी जागा आहे का ते पाहावे, लॅपटॉप चार्जरला जोडावा आणि एका वेळी एकाच प्रणालीचे अपडेट करावे. एक झाले की दोन्ही प्रणाली सुरू करून पाहाव्यात, मगच दुसरे. प्रबंध द्यायच्या किंवा विवरणपत्र भरायच्या आदल्या रात्री हे काम काढू नये.

अपडेटनंतर एक प्रणाली दिसली नाही, तर सर्वांत महत्त्वाचे औषध म्हणजे धीर. डिस्क ‘फॉरमॅट’ करू नये. विंडोज एखादे पार्टिशन अनोळखी ठरवून फॉरमॅट करू का विचारते, ते बहुधा लिनक्सचेच असते. तिथे ‘नाही’ म्हणावे. आधी यूईएफआयच्या यादीत दुसरी प्रणाली आहे का पाहावे. असेल तर तिला वर आणले की काम होते. नसेल तर तयार ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून फाइली जागेवर आहेत याची खात्री करावी आणि मग ग्रब दुरुस्त करावा. बाहेर दुरुस्तीला देताना ‘यात दोन प्रणाली आहेत, फॉरमॅट करू नका’ असे लेखी द्यावे. नवीन विंडोज टाकून देण्याच्या घाईत शेजारचे पार्टिशन पुसले जाऊ शकते.

एका गोष्टीने मात्र घाबरू नये. लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ नेमके साडेपाच तास मागे दिसू शकते. लिनक्स संगणकाच्या आतले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारे एक सेटिंग बदलले की दोघांचे जमते. हा आजार नव्हे, नुसते लक्षण आहे. दार अडणे हेही बहुतेक वेळा तसेच असते. खरे नुकसान होते ते दार उघडत नाही म्हणून भिंत पाडायला घेतली की.