ठासणीची बंदूक : पिकाची राखणदार

देवनारसारख्या उपनगरात, जिथे परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो, बंदूक बाळगण्याची उपयुक्तता हा केवळ गप्पांचा विषय ठरत असला, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या शेतकऱ्याचे उभे भात रानडुकरांचा कळप एका रात्रीत लोळवून जातो, त्याच्या दृष्टीने ठासणीची बंदूक ही अडचणीच्या काळातली खरीखुरी सोबतीण आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या १३व्या कलमात पीकसंरक्षणार्थ अशा बंदुकीची स्वतंत्र तरतूद असून, जिल्ह्यात हा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासावयाचे असल्यामुळे दुसऱ्या बाराची तयारी होईपर्यंत डुक्कर केव्हाच पसार झालेले असते, आणि (मला तर हाच तिचा मोठा गुण वाटतो) मालकाचे काम बहुधा नुसत्या आवाजावरच भागते. जीव घ्यावयाचा, तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. वनखात्याची परवानगी लागते. निवडणुका जाहीर झाल्या, की अनेक परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात. ते दिवस नेमके पिकाचे असले, तर पत्र्याचा डबा आणि फटाके एवढाच सरंजाम बिचाऱ्याच्या हाती उरतो.