परदेशी जाताना गाडी सोबत न्यावी का?

मैत्रिणींनो, परदेशी राहायला जायचं ठरलं की घरात याद्या सुरू होतात. गोडा मसाला, मेतकूट, मुलांचे शाळेचे दाखले, सासूबाईंच्या औषधांची व्यवस्था, एक का दोन! ह्यांची दोन वर्षांसाठी इंग्लंडला नेमणूक झाली, तेव्हा आमच्या सांगलीच्या घरातही अशीच एक लांबलचक यादी फ्रीजवर चिकटली होती. तिच्या शेवटच्या ओळीत ह्यांनी लिहिलं होतं, ‘गाडी विकणे.’

ती ओळ वाचली आणि माझ्या पोटात धस्स झालं. हे स्कूटरवर जातात, गाडी माझी. अर्धवेळ शिक्षिकेचा पगार तो केवढा! चार वर्षं घरी शिकवण्या करून पैसे साठवले, तेव्हा कुठे ही गाडी दारात आली. दुसऱ्या हातची का असेना, पण आर. सी. बुकावर नाव माझं. रात्री दोन वाजता सासूबाईंना दम लागला होता, तेव्हा कुणाचंही दार न ठोठावता मी त्यांना हिच्यातूनच दवाखान्यात नेलं होतं. आणि ती गाडी यादीत मोडक्या कपाटाच्या खाली! मी रागारागानं ‘विकणे’ खोडलं आणि लिहिलं, ‘नेणे.’

हे हसले. म्हणाले, “अगं, ती काय शिलाई मशीन आहे, गुंडाळून न्यायला?”

मग महिनाभर आम्ही दोघांनी चौकशा केल्या. त्यातून जे कळलं ते तुम्हांला सांगते. उद्या तुमच्यावरही ही वेळ येईल, तेव्हा उपयोगी पडेल.

पाहुणी की बिऱ्हाडकरू?

गाडी परदेशात दोन नात्यांनी जाते, पाहुणी म्हणून नाहीतर बिऱ्हाडकरू म्हणून. पाहुण्या गाडीसाठी आशिया-आफ्रिकेतल्या पुष्कळ देशांत ‘कार्नेट’ नावाचं पुस्तक लागतं. गाडीचा पासपोर्टच म्हणा ना! आपल्याकडे ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं. त्यासाठी बँकेची हमी किंवा अनामत द्यावी लागते. देशात शिरताना कस्टमवाले त्यावर शिक्का मारतात, बाहेर पडताना दुसरा. हा दुसरा शिक्का राहिला, तर गाडी तिथेच विकली असं धरून जकात मागतात, आणि ती आपल्या हमीतून जाते. पुस्तकाची मुदत एक वर्षाची. म्हणजे हे काम मुख्यतः फिरायला जाणाऱ्यांचं; नोकरीसाठी बिऱ्हाड हलवणाऱ्यांचं नव्हे.

इंग्लंडात पाहुणी गाडी बारा महिन्यांत सहा महिने राहू शकते. आम्हांला राहायचं होतं दोन वर्षं. तेव्हा आमची गाडी बिऱ्हाडकरूच ठरणार होती.

चाक कोणत्या हाताला?

ही गोष्ट सर्वांत आधी पाहायची, आणि नेमकी हीच शेवटी आठवते. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि चाक उजवीकडे असतं. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, केनिया, मॉरिशस इथे तसंच आहे. पण दुबई, मस्कत, दोहा इथे उलटा कारभार. तिथे राहायला जाऊन उजव्या चाकाची आपली गाडी तिथल्या नंबरावर चढवायची म्हटली, तर दारातच अडते. अमेरिकेत तर धूर आणि सुरक्षितता यांचे तिथले नियम गाडीनं पाळलेले असावे लागतात. पंचवीस वर्षांपुढच्या जुन्या गाड्यांना तेवढी सवलत आहे. म्हणजे विमानाचं तिकीट काढण्याआधी हा प्रश्न निकालात काढावा.

इंग्लंडचा हिशोब

आमचं चाक जुळलं. मला वाटलं, जिंकलं! पण पुढे वाचत गेले आणि एकेक अट समोर आली.

बिऱ्हाड हलवणाऱ्याला तिथे गाडीवरची जकात आणि व्हॅट माफ होऊ शकतो. मात्र अर्ज आधी करावा लागतो. त्याआधी सलग बारा महिने आपण ब्रिटनबाहेर राहिलेले हवे आणि गाडी निदान सहा महिने आपल्या मालकीची व वापरातली हवी. आणि तिथे नेल्यावर बारा महिने ती विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, कुणाला वापरायला उसनीसुद्धा द्यायची नाही. माफी मिळाली नाही, तर जकात वेगळी आणि व्हॅटच वीस टक्के. तोही नुसत्या गाडीच्या किमतीवर नव्हे, जहाजाचं भाडं त्यात मिळवून!

बरं, तिथले वेग मैलांत. आपल्या गाडीचा काटा किलोमीटर दाखवणार, म्हणून तोही बदलून घ्यायचा. लंडनमध्ये २०२३ च्या ऑगस्टअखेरपासून सगळ्या उपनगरांत धुराचा नियम लागू झाला. त्यात न बसणाऱ्या गाडीला बाहेर काढलेल्या दर दिवसाचे साडेबारा पौंड. पेट्रोल गाडीला युरो-४ पुरतं, डिझेलला युरो-६ लागतं. आपल्याकडे युरो-६ च्या तोडीचं बी. एस.-६ आलं ते १ एप्रिल २०२० पासून. तेव्हा आपली डिझेल गाडी त्याआधीची असेल, तर लंडनकरांनी तिचा नाद सोडावा.

आणि जी गाडी तिथे कधी विकलीच गेली नाही, तिचा आरसा फुटला तर नवा कुठून आणणार?

एका रात्री मुलं झोपल्यावर मी वही घेऊन बसले. न्हावा-शेव्याहून कंटेनरनं जायचा खर्च, बंदरावरचे खर्च, वाटेतला विमा. आणि दोन वर्षांनी हेच सगळं उलट दिशेनं. बेरीज आमच्या जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊन टेकली. मी वही मिटली. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. पैशांचं तेवढं नाही. पण आता ‘विकणे’ हेच खरं ठरणार, असं वाटलं.

तिसरी वाट

सकाळी हे म्हणाले, “नेणं जमत नाही, म्हणजे विकलीच पाहिजे असं कुठंय?”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सासूबाई आमच्या मागे मिरजेला धाकट्या दिरांकडे राहणार होत्या. दवाखान्याच्या फेऱ्या तिथेही होत्याच. धाकट्या जाऊबाईंना मी विचारलं, “तू चालवायला शिकशील का?” ती घाबरली. “ताई, मला नाही जमायचं. कुठे ठोकली तर?” पण शिकली. लायसन मिळाल्यावर मी किल्ली तिच्या हाती दिली, नाव मात्र माझंच ठेवलं. विम्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहून दिली. गाडी ज्याच्या नावावर, जबाबदारीही त्याचीच असते ना!

तिकडे आम्ही एक लहानशी जुनी गाडी घेतली. आपलं लायसन तिथे राहायला गेल्यापासून बारा महिनेच चालतं, पुढे तिथली परीक्षा. मी दुसऱ्या खेपेला पास झाले. ह्यांना तीन खेपा लागल्या, हे त्यांना विचारू नका!

तेव्हा भगिनींनो, घाईनं ‘विकणे’ लिहू नका आणि माझ्यासारखं रागानं ‘नेणे’ही लिहू नका. आधी वही काढा. चाक कोणत्या हाताला, मुक्काम किती, जाऊन-येऊन खर्च किती, हे मांडा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची परवानगी लागेल. नेलीतच, तर निर्यातीचे कागद जपून ठेवा. परत येताना ‘ही तीच गाडी’ हे त्यांवरूनच पटवायचं असतं. ठेवलीत आणि चालवायला कुणी नसेल, तर बॅटरीची तार काढून ठेवा आणि चाकांत हवा भरत राहायला कुणाला तरी सांगा. विकलीत, तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खात्री झाल्याशिवाय विमानात बसू नका. नाहीतर अपघात करील दुसरा आणि नोटीस येईल तुम्हांला.

आणि गाडी तुमची असेल, तर तिचा निर्णय तुम्हांला विचारून होऊ द्या.

परत आल्यावर जाऊबाईंनी गाडी धुऊन-पुसून दारात आणून लावली. किल्ली माझ्या हातात ठेवताना तिचा चेहरा मात्र उतरला होता. आता तिनंही शिवणाचे पैसे वेगळ्या डब्यात टाकायला सुरुवात केली आहे. तोवर दर गुरुवारी आमची गाडी मिरजेला असते.